वेगाला शिस्त लावणारा माणूस : जे. आर. डी. टाटा

जे. आर. डी. टाटा हे नाव घेतले की पोलाद, ट्रक, एअर इंडिया आणि ‘भारतरत्न’ हे सगळे एकदम डोळ्यांसमोर येते. मोठे उद्योगपती, सचोटीचे गृहस्थ, एवढी ओळख आपल्या सर्वांना असते. पण हे गृहस्थ मुळात वेगाचे वेडे होते. तरुणपणी शर्यतीच्या मोटारीत आणि उघड्या विमानात बसून ते जिवावर उदार होऊन हिंडत असत. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली शर्यत ते हरले होते, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे देशाने जे जे. आर. डी. पाहिले त्यांची जडणघडण त्या शर्यतीत दिसते, असे मला वाटते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हाच धागा धरून त्यांचे चरित्र थोडक्यात मांडतो.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे आप्त आणि व्यवसायातले भागीदार. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच बाई. लग्नानंतर तिने सूनी हे नाव घेतले. वडिलांच्या व्यापारामुळे मुलांचे बालपण फ्रान्स, मुंबई आणि जपान असे विभागले गेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी या कुटुंबाचे उन्हाळ्याचे घर होते आणि त्यांच्या शेजारीच लुई ब्लेरिओ यांचे घर होते. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी २५ जुलै १९०९ रोजी अवघ्या २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर इंग्लिश खाडी उडून ओलांडली आणि साऱ्या जगाला चकित केले. त्या किनाऱ्याच्या वाळूवर विमाने उतरत, तिथूनच उडत. लहानगा जहांगीर ती बघत मोठा झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला तिथेच एका विमानात फेरी मारायला मिळाली आणि आपण वैमानिक व्हायचे हे त्याने मनाशी ठरवून टाकले.

तो काळच यंत्राच्या वेडाचा होता. विमान आणि मोटार या एकाच इंजिनाच्या दोन लेकी. युरोपात ‘ग्रां प्री’ नावाच्या मोटारींच्या मोठ्या शर्यती होत. आज ज्याला आपण ‘फॉर्म्युला वन’ म्हणतो त्याचे मूळ तिथे आहे. ‘फॉर्म्युला’ म्हणजे नियम. शर्यतीतल्या मोटारीचे इंजिन किती मोठे असावे, वजन किती असावे, हे त्या नियमाने ठरत असे. १९२२ पासून इंजिनाला दोन लिटरची मर्यादा होती. १९२६ मध्ये ती दीड लिटरवर आणली गेली, कारण मोटारी फार जोरात धावू लागल्या होत्या. पण कारागीर असे हुशार की इंजिन लहान झाले तरी वेग काही कमी होईना. चालकाच्या डोक्यावर कापडी टोपी, कमरेला पट्टा नाही, रस्त्याच्या कडेला कठडा नाही. शेजारी एक मेकॅनिकही बसत असे. १९२४ मध्ये स्पेनमधल्या शर्यतीत एका मेकॅनिकचा जीव गेला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षीपासून मेकॅनिकला सोबत बसवणे बंद झाले. १९२५ मध्ये पॅरिसजवळच्या मोंतलेरी येथे आल्फा रोमिओ कंपनीचा आघाडीचा चालक आंतोनिओ आस्कारी शर्यतीत मरण पावला आणि त्याच्या कंपनीने उरलेल्या मोटारी त्याच दिवशी माघारी घेतल्या.

आल्फा रोमिओ, देलाज आणि बुगाटी या कंपन्यांमध्ये तेव्हा चुरस होती. एत्तोर बुगाटी यांनी १९२४ मध्ये ‘टाइप ३५’ ही मोटार आणली. तिची चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. त्यामुळे चाक हलके झाले आणि ब्रेकही लवकर थंड होऊ लागले. या मोटारीने सिसिलीतली ‘टार्गा फ्लोरिओ’ ही डोंगरातली अवघड शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली.

तरुण जहांगीर अशाच एका बुगाटीच्या प्रेमात पडला. १९२५ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून काम शिकू लागला. पुढच्याच वर्षी वडील वारले. आई १९२३ मध्येच गेली होती. बावीस वर्षांच्या पोरावर भावंडांची जबाबदारी आली. तरी वेगाचे वेड काही सुटले नाही. मुंबईच्या रस्त्यांवर त्याची बुगाटी सुसाट धावत असे. पेडर रोडवर एकदा अपघाताचे प्रकरण झाले आणि बेदरकारपणे गाडी हाकल्याचा ठपका आला. त्यातून सुटण्यासाठी तो जॅक विकाजी या नामांकित वकिलांकडे गेला. तिथे वकिलांची पुतणी थेल्मा भेटली आणि डिसेंबर १९३० मध्ये तिच्याशीच विवाह झाला. हा किस्सा लोक हसत हसत सांगतात. पण त्या वेळचा जहांगीर हा जोराने गाडी हाकणारा आणि परिणामाची फिकीर न करणारा श्रीमंताघरचा मुलगा होता, हेही त्यातून दिसते.

मग मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला. जहांगीर तिथे पहिल्याच काही शिकाऊ मंडळींत होता. चार तासांपेक्षाही कमी शिकवणी घेऊन त्याने एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता एक. आयुष्यात पुढे किती मानसन्मान मिळाले, पण त्या कागदाचा आनंद त्यांना शेवटपर्यंत निराळाच वाटत असे.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड हे अंतर जो हिंदी माणूस एकट्याने विमानातून महिन्याभराच्या आत प्रथम पार करील त्याला ५०० पौंड. तीन तरुण पुढे सरसावले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग, कराचीचा आस्पी इंजिनिअर आणि मुंबईचे जे. आर. डी. टाटा. आस्पी तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता. काही आठवड्यांपूर्वीच तो आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडला उडत गेला होता आणि आता एकटा परत येणार होता.

या शर्यतीतली विमाने कशी होती ते आज कळणे कठीण आहे. ‘जिप्सी मॉथ’ म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, चार सिलिंडरचे सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. म्हणजे आजची बरी मोटार मोकळ्या रस्त्यावर गाठते तेवढाच. वैमानिक उघड्यावर बसलेला; ऊन, वारा, धूळ सगळे तोंडावर. रेडिओ नाही. खाली रेल्वेचा रूळ, नदी, समुद्राचा किनारा बघत बघत जायचे. कराची सोडले की इराणचा उजाड किनारा, मग बसरा, बगदाद, वाळवंट ओलांडून इजिप्त, पुढे भूमध्य समुद्र, इटली, फ्रान्स. मध्येच इंजिन बंद पडले तर उतरायला जागा नाही आणि शोधायला कोणी येणार नाही.

आस्पी २५ एप्रिल १९३० रोजी इंग्लंडहून निघाला. जे. आर. डी. ३ मे रोजी कराचीहून उलट दिशेने निघाले. दोघे भेटले ते इजिप्तमध्ये अबुकीर येथे. आस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. मोटारसायकल चालवणाऱ्या आपल्या कोणाही मुलाला कळेल की प्लग गेला म्हणजे ठिणगी गेली, आणि ठिणगी गेली म्हणजे इंजिन म्हणजे नुसते लोखंड. जे. आर. डीं.कडे जादा प्लग होते. ते न देता पुढे उडून गेले असते तर कोणी नाव ठेवले नसते. शर्यत होती. प्रतिस्पर्धी आपल्या कर्माने अडकला होता. पण त्यांनी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. आस्पीनेही उतराई म्हणून आपले पाण्यावर तरंगण्याचे जाकीट त्यांना दिले, कारण जे. आर. डीं.ना अजून समुद्र ओलांडायचा होता.

आस्पी ११ मे रोजी कराचीला पोहोचला. जे. आर. डी. इंग्लंडला पोहोचले ते थोड्याच तासांच्या फरकाने मागे. बक्षीस आस्पीला मिळाले. मनमोहन सिंगही कराचीला पोहोचले, पण वाटेत उतरावे लागल्याने त्यांची महिन्याची मुदत टळून गेली होती.

पुढे या तिघांचे काय झाले ते पाहिले म्हणजे काळाची कल्पना येते. मनमोहन सिंग हवाई दलात गेले आणि मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी हल्ल्यात मारले गेले. आस्पी इंजिनिअर इंग्लंडच्या हवाई दल महाविद्यालयात शिकून आला आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ज्या मुलाला वाळवंटात प्लग मिळाले तो पुढे देशाच्या आकाशाचा रखवालदार झाला. जे. आर. डी. आणि आस्पी यांचे सख्य आयुष्यभर टिकले.

शर्यत हरल्यावर जे. आर. डीं.नी दुसऱ्या विक्रमाच्या मागे धावायचे टाळले. त्यांच्या डोक्यात वेगळेच काही सुरू झाले होते. नेव्हिल विंटसेंट नावाचे इंग्रजी हवाई दलातून बाहेर पडलेले एक धाडसी वैमानिक हिंदुस्थानात विमान घेऊन फिरत होते. लंडनहून कराचीपर्यंत टपाल विमानाने येत होते, पण पुढे मुंबई-मद्रासला ते रेल्वेने रखडत जाई. हा पुढचा टप्पा विमानाने जोडावा ही विंटसेंट यांची कल्पना. जे. आर. डीं.नी ती टाटा कंपनीच्या वडीलधाऱ्यांच्या गळी उतरवली. सुमारे दोन लाख रुपये भांडवल मिळाले. सरकारने अनुदान दिले नाही. जुहूच्या चिखलाळ मैदानावर झावळ्यांनी शाकारलेली एक शेड आणि दोन ‘पस मॉथ’ विमाने एवढ्यावर कंपनी उभी राहिली.

या पस मॉथची एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे विमान जिप्सी मॉथपेक्षा नवे, बंद केबिनचे, वेगवान. पण १९३० पासून जगाच्या निरनिराळ्या भागांत अशी काही विमाने हवेतच मोडून पडली. पंख एकाएकी निखळत. १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्लेन किडस्टन हे नामांकित वैमानिक असेच गेले. जानेवारी १९३३ मध्ये बर्ट हिंकलर हे ऑस्ट्रेलियन वीर इटलीच्या डोंगरात पस मॉथसह कोसळले. तपास करता करता इंजिनिअरांना कळले की वादळी हवेत पंखाला आधार देणारा दांडा थरथरू लागतो आणि ती थरथर वाढत जाऊन पंख मोडतो. उपाय अगदी लहान निघाला. त्या दांड्याला मधोमध एक आखूड आधार जोडायचा. हातभर नळीने माणसे वाचली. मोठे संकट कितीदा तरी लहान वस्तूच्या अभावी येते, हे त्या पिढीला जीव देऊन शिकावे लागले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. अशाच पस मॉथमध्ये बसून कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून निघाले. सोबत २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला उतरले तेव्हा विमानाचे पेट्रोल डब्यांतून बैलगाडीने आले. बैलगाडी आणि विमान शेजारी उभे, असे ते दृश्य. आपल्या भागातल्या जुन्या मंडळींना त्यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही नवे यंत्र पहिल्यांदा बैलांनीच ओढून आणले. दुपारी विमान जुहूला उतरले आणि तिथून विंटसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. भारताच्या हवाई वाहतुकीचा हा श्रीगणेशा.

पुढचे वर्ष कसोटीचे होते. मार्गदर्शक दिवे नाहीत, रेडिओ नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने मुक्काम पुण्याला. तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी सुमारे अडीच लाख किलोमीटर अंतर कापले, १५५ प्रवासी नेले आणि टपाल एकदाही उशिरा पोहोचू दिले नाही. पेडर रोडवर बुगाटी उडवणाऱ्या तरुणाला आता घड्याळाशी शर्यत लावायची होती आणि ती रोज जिंकायची होती. विक्रमाचे वेगवान उड्डाण एकदा करता येते. वेळेवर आणि सुखरूप पोहोचणे रोज करावे लागते. त्यासाठी प्रत्येक नट, प्रत्येक नळी, प्रत्येक प्लग रोज तपासावा लागतो. जे. आर. डीं.चा खरा मोठेपणा इथे सुरू झाला.

१९३७ मध्ये मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर या मार्गाने. म्हणजे तापी आणि नर्मदा ओलांडून टाटांचे विमान आपल्या निमाड-माळव्याच्या आकाशातून जाऊ लागले. १९३८ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते साऱ्या टाटा उद्योगाचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये विंटसेंट यांचे विमान इंग्लंडहून परतताना हरवले आणि ज्यांच्यामुळे हे सगळे सुरू झाले ते सोबती गेले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. जे. आर. डी. त्यात होते. अठरा वर्षांपूर्वी उघड्या विमानात एकट्याने केलेला प्रवास आता प्रवाशांना आरामात करता येत होता. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. त्यांना ते पटले नव्हते. तरीही त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले. १९६० मध्ये जेट विमाने आली आणि १९६२ मध्ये सगळा ताफाच जेटचा झाला. विमानात बसले की ते खुर्ची, पडदे, चहा, स्वच्छता सगळे पाहत आणि उतरल्यावर त्याची टिपणे पाठवत.

धोका मात्र संपला नाही. १९५० मध्ये तीच ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्सच्या माँ ब्लां शिखरावर आदळली. जानेवारी १९६६ मध्ये ‘कांचनजंगा’ हे विमान त्याच डोंगरावर कोसळले. दिशा दाखवणारे एक यंत्र आधीच बिघडलेले होते. ११७ माणसे गेली, त्यांत जे. आर. डीं.चे स्नेही डॉ. होमी भाभाही होते. १ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ वांद्र्याजवळच्या समुद्रात पडले आणि २१३ जण गेले. त्या वेळीही विमानाचा कल दाखवणारे एक यंत्र बिघडले होते. पुढच्याच महिन्यात सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. ज्या कामाला पंचेचाळीस वर्षे दिली ते असे हातातून गेले. त्यांना फार दुःख झाले, पण त्यांनी कडवटपणा जोपासला नाही.

जमिनीवरच्या वेगाशीही त्यांचे नाते राहिले. १९४५ मध्ये त्यांनी ‘टेल्को’ काढली. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डायम्लर-बेन्झ कंपनीशी ट्रक बनवण्याचा करार केला. त्याच वर्षी ही जर्मन कंपनी मर्सिडीझ मोटारी घेऊन फॉर्म्युला वनच्या मैदानात परतली होती. इंजिनात पेट्रोल थेट फवारण्याची नवी युक्ती तिने आणली आणि तिचा चालक फांजिओ जगज्जेता झाला. पण जून १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मां येथे तिची एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. वर्षअखेर कंपनीने शर्यती सोडल्या. आपल्याकडे मात्र त्याच कंपनीचे तंत्र शिकून ट्रक बनत राहिले. ते काम ज्यांच्यावर जे. आर. डीं.नी विश्वासाने सोपवले ते आपले मराठी माणूस, सुमंत मुळगावकर. पुण्यात त्यांनी कारखाना उभारला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारागीर घडवले. आज आपल्या देडतलाईतून धारणीकडे शेतमाल घेऊन जाणारा टाटाचा ट्रक पाहावा. त्याच्या मागे हा सगळा इतिहास आहे.

१९८२ मध्ये पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली. तेव्हा ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून एकट्याने कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. तरुण पिढीला थोडी उमेद यावी एवढाच त्यामागे हेतू होता. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमध्ये, जन्मगावीच, त्यांना चिरविश्रांती मिळाली.

वेगाचे आकर्षण वाईट नाही. आपल्या गावातली मुलेही मोटारसायकल मिळाली की धारणी रस्त्यावर कान पिळतात. त्यांना नुसते रागावून उपयोग होत नाही, हे आपण घरोघरी पाहतो. त्यांना ही गोष्ट सांगावी. या देशात वेगावर ज्याचे सर्वांत जास्त प्रेम होते त्या माणसाने ब्रेक, नट, घड्याळ आणि दुसऱ्याचा जीव यांची सर्वांत जास्त काळजी घेतली. त्याने शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला प्लग दिला आणि बक्षीस गमावले. आज ते ५०० पौंड कोणाच्या लक्षात नाहीत, प्लग मात्र सर्वांना आठवतो.

विघ्नहर्ता आपल्या मुलांना गती देवो आणि ती सांभाळण्याची बुद्धीही देवो. गणपती बाप्पा मोरया!